निव्वळ पासष्ट, एकूण अडुसष्ट

आक्काला जाडी म्हटलेलं चालायचं. तोंडावर म्हटलं तरी चालायचं. "व्हय, हाय मी जाडी. मग?" एवढं बोलून ती पुढच्या कामाला लागायची. पण कुणी मान वाकडी करून, हळहळून "खेळ इतका चांगला आहे हो तुमचा, तेवढं वजन कमी केलंत तर..." असं सुरू केलं की तिचं डोकं फिरायचं. "तर काय? काय व्हईल, सांगा की!" त्या 'तर'च्या पुढचं कुणालाच सांगता यायचं नाही. मग ती आपली बॅट उचलायची आणि त्यालाच टेबलावर बोलवायची.

विमल साळुंके तिचं नाव. गंगापूरकडच्या शेतकरी घरातली, औरंगाबादला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. शहराचं नाव आता बदललं आहे, पण तेव्हाच्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडात जुनंच येतं, त्याला मी काय करू! कचेरीच्या मागं पत्र्याचा एक हॉल होता आणि त्यात साहेब लोकांसाठी टेबल टेनिसचं टेबल ठेवलेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागलेली आक्का मधल्या सुट्टीत डबा खाऊन तिथं जायची. आधी बघायला, मग चेंडू उचलून द्यायला, आणि वर्षभरात साहेब लोकांना हरवायला. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. माझे वडील त्याच कचेरीत हेडक्लार्क, म्हणून मला हॉलची दारं उघडी. घरात कुणाला अंगाला घाम आणायची सवय नव्हती, तरी मला हा नाद लागला आणि पुढं दहा वर्षं दुहेरीत मी आक्काची जोडीदार होते. मी सडपातळ, ती पाच फूट उंचीची आणि अडुसष्ट किलोची. आम्ही हॉलमध्ये शिरलो की लोक हसायचे. बाहेर पडायचो तेव्हा हसत नसत.

तिचा खेळ कसा होता ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट. ती टेबलाला चिकटून उभी राहायची. गुडघे वाकलेले, पाय रोवलेले. चेंडू टप्पा पडून पुरता वर यायच्या आतच ती त्याला बॅट लावायची, मारायची म्हणून नाही, नुसती लावायची. समोरची जितक्या जोरात मारेल तितक्याच जोरात तो तिच्याकडं परत जायचा, आणि नेमका तिच्या कोपराकडं. तिची धावपळ उडायची आणि आक्का एक पाऊल इकडं, एक पाऊल तिकडं. "पळायचं कुणी? ज्याला घाई हाय त्यानं," ती म्हणायची.

एकदा एक नवीन तरुण साहेब बदलून आले होते. आक्का टेबलापाशी आली तसे मोठ्यांदा म्हणाले, "जपून हं बाई, धक्का लागून टेबल मोडायचं!" हॉलची राखण करणारे बशीरभाई कोपऱ्यात नेट दुरुस्त करत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "साब, टेबल की फिकर नक्को करो. अपनी फिकर करो." साहेब एकवीस-सहा हरले. पण आक्काचं तेवढ्यानं भागलं नाही. तिनं त्यांना आपल्या शेजारी उभं केलं. "आता गुडघ्यात वाका. अजून. अजून थोडं. हां, असंच ऱ्हावा." ती स्वतःही तशीच वाकून उभी राहिली आणि बशीरभाईंना घड्याळ बघायला सांगितलं. साहेब दुसऱ्या मिनिटाला थरथरायला लागले आणि तिसऱ्याच्या आत खाली बसले. आक्का तशीच उभी राहून माझ्याशी दुसऱ्या दिवशीच्या भाजीबद्दल बोलत होती. वजन आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

रोज सकाळी कचेरीच्या आधी ती तीनशे सर्व्हिस करायची. मोजून तीनशे. आणि त्याच्या आधी जेवायची. नाश्ता नाही हो, जेवायची! ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर वाटीभर दही. दुपारच्या डब्यात धपाटे. ईदेला बशीरभाईंच्या घरून मटणाचा नान-खलिया यायचा तेव्हा आक्का दुपारी कुणाला भेटायची नाही. उपास हा शब्द तिच्या घरात नव्हता. त्याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं. ती पोटात होती तेव्हा रझाकारांच्या भीतीनं तिच्या आईनं गाव सोडलं होतं. ज्वारीच्या उभ्या पिकात लपून राहायचं, चूल पेटवायची नाही, धूर दिसेल म्हणून. पोलीस ॲक्शन झाली, लोक घरी परतले, आणि मग चार महिन्यांनी आक्का जन्मली. "उपास माझा पोटातच करून झालाय निमे," ती म्हणाली, "आता कुणी सांगितला तर करायची नाय."

पण एकदा केला होता, तेही सांगते. लपवायचं कशाला? जिल्ह्याच्या मोठ्या स्पर्धेआधी कुणीतरी जाणत्या माणसानं गोडीनं सांगितलं म्हणून वीस दिवस लिंबूपाणी आणि काकडीवर राहिली. पाच किलो उतरले. सगळे म्हणाले, वा, काय दिसतेस! आणि शाळेतल्या एका पोरीनं तिला सरळ दोन गेममध्ये हरवलं. चेंडू यायचा, आक्काची बॅटही जायची, पण चेंडूच्या धक्क्यानं बॅट मागं सरायची. तो धक्का झेलणारं अंगच राहिलं नव्हतं. घरी येताना तिनं रस्त्यात उभं राहून अर्धा शेर जिलबी खाल्ली आणि मला म्हणाली, "एकदा ऐकलं. परत नाय."

आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते पत्र आलं.

राज्याचा महिला संघ निवडायला पुण्यात शिबिर होतं. मराठवाड्यातून दोघींना बोलावलं होतं, आक्काला आणि मला. आमच्याकडून आधी कुणी बाई राज्याच्या संघात खेळलेली नव्हती. आक्का तेव्हा एकोणतीस वर्षांची, म्हणजे आता नाही तर कधी नाही. पत्राच्या खाली दोन ओळी होत्या. पासष्ट किलोपेक्षा जास्त वजन असलेल्या खेळाडूचा विचार होणार नाही, आणि सरकारमान्य काट्यावर केलेल्या वजनाची पावती सोबत आणावी.

आक्कानं पत्र दोनदा वाचलं. "सरकारमान्य काटा कुठाय गावात?" ती म्हणाली. दवाखान्यातल्या काट्यावर कुठं सरकारचा शिक्का असतो? तो असतो मोंढ्यात, जिथं धान्याची पोती मोजतात. झालं, आम्ही दोघी मोंढ्यात. तिथं लक्ष्मणमामा म्हणून मापाडी होते. त्यांचा सगळा जन्म पोती जोखण्यात गेलेला. हमालांनी तुरीची पोती बाजूला सारली, आक्का काट्याच्या पाटावर चढली. मामांनी दांडीवरचं वजन सरकवलं, डोळे बारीक केले आणि आरोळी ठोकली, "पासष्ट!" मग मी चढले. "पन्नास!" मुनिमानं दोन पावत्या फाडल्या. मालाचा प्रकार या रकान्यात त्यानं दोन्हीकडं 'बाई' असं लिहिलं होतं. वर मोंढ्याचा गोल शिक्का.

मला आनंदानं काही सुचेना. पासष्ट! बरोब्बर पासष्ट! आक्का मात्र पावतीकडं बघत तिथंच थांबली. शेतकऱ्याची पोर ती, बापाबरोबर कितीदा मोंढ्यात आलेली. तिनं रकान्यावर बोट ठेवलं आणि एवढी हसायला लागली की तिला पोत्यावर बसावं लागलं. "मामा, हे निव्वळ लिवलंय तुम्ही! बारदान किती धरलं माझं?"

लक्ष्मणमामांनी जीभ चावली. बारदानाचा, म्हणजे पोत्याच्या तागाचा एक किलो आणि माती-कचऱ्याच्या कडत्याचे दोन, असे तीन किलो वजा करूनच आकडा बोलायचा, ही त्यांच्या तोंडाला बसलेली सवय. बाई असो की तूर. "चुकलं आक्का," ते म्हणाले, "दुसरी फाडून देतो." मी मध्येच ओरडले, "नको!" मामाही घुटमळले आणि हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की मग. शिक्का खरा हाय. कोण बघायलंय?" आक्कानं पावतीची घडी करून पर्समध्ये टाकली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

पुण्याच्या एसटीत मी तिचे अक्षरशः पाय धरले. "आक्का, एक शब्द बोलू नकोस. तू चोरी केलेली नाहीस. चूक त्यांची आहे. गप राहा आणि खेळ." ती खिडकीबाहेर बघत होती. नगर गेल्यावर म्हणाली, "निमे, बारदान म्हंजे फेकून द्यायचा माल. त्यात माझं काय फेकून द्यायचंय, सांग बरं." मी म्हणाले, अगं नुसता कागद आहे. ती म्हणाली, "हे तीन किलो माझंच हाय. खाऊन केलंय, राबून केलंय." मग तिनं डबा उघडला आणि मला धपाटं दिलं.

शिबिरात रोज सकाळी वजन व्हायचं नाही, ते एकदाच, पहिल्या दिवशी, तेही कागदावर. शिबिरप्रमुख सर टेबलामागं बसले होते. आठ मुली रांगेत. माझी पावती बघून सर म्हणाले, "पन्नास. शाब्बास, खेळाडू असा पाहिजे." माझ्याही पावतीतून तीन किलो गेलेच होते, पण मी ती शाबासकी घेतली आणि बाजूला झाले. मग आक्का. सरांनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, पावती बघितली, परत तिच्याकडं बघितलं. "पासष्ट? ठीक आहे. काठावर बसलात. या."

"सर," आक्का म्हणाली, "ते निव्वळ हाय. एकूण अडुसष्ट."

सरांना काही कळेना. आक्कानं त्यांना शांतपणे बारदान आणि कडता समजावून सांगितलं. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. सर हसले नाहीत. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला आजही म्हणायचं आहे. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण खेळाचं भलं करतो आहोत. ते म्हणाले, "मग तुमचं इथं काम नाही. नियम स्पष्ट आहे."

"जाते की. पण औरंगाबादहून आलेय, खेळून जाते. आज सगळ्या सगळ्यांशी खेळणार ना? मला बी खेळवा. मग काढा."

सरांनी काय विचार केला कुणास ठाऊक. बहुतेक त्यांना वाटलं, दोन मॅचमध्ये दमेल आणि आपोआप तोंड बंद होईल. त्यांनी तिचं नाव लिहिलं.

मी त्या दिवशीचा खेळ विसरायचा म्हटलं तरी विसरू शकत नाही. प्रत्येकीच्या सात मॅच. तिसऱ्या मॅचनंतर मुंबईच्या दोघी पाय चोळत बसल्या होत्या. दुपारच्या जेवणाला उकडलेल्या भाज्या आणि एक पातळ पोळी होती. आक्कानं ते खाल्लं आणि मग आपला डबा काढून खाल्ला, सगळ्यांच्या देखत, मांडी घालून. "बाई, अजून तीन मॅच आहेत," कुणीतरी म्हणालं. "म्हणूनच खायलेय," ती म्हणाली. सातांपैकी सहा मॅच तिनं जिंकल्या. एका डावखुऱ्या मुलीशी तेवढी हरली, तीही तिसऱ्या गेमला एकवीस-एकोणीस. माझ्याशी ती एकवीस-बारा, एकवीस-चौदा अशी जिंकली, आणि मी जीव तोडून खेळले होते. संध्याकाळी हिशेब असा झाला: डावखुरी पहिली, आक्का दुसरी, मी पाचवी. संघात जागा चार.

यादी वाचली. पहिली, तिसरी, चौथी, आणि मग माझं नाव.

आक्का पुढं गेली. "सर, दुसऱ्या नंबराचं काय झालं?"

"साळुंकेबाई, राष्ट्रीय स्पर्धा पाच दिवस चालते. हे शरीर टिकणार नाही."

"एका दिवसात सात मॅच खेळले. टिकलं ना? ह्या पोरींना इचारा कोण टिकलं ते."

सरांचा आवाज मऊ झाला. "हे बघा, स्पर्धेला सहा आठवडे आहेत. तीन किलोच जास्त आहेत तुमचे. ते उतरवून या, मी जागा देतो. माझा शब्द."

आता हे ऐकून कुणीही हो म्हणालं असतं. मी तर तिच्या तोंडाकडं बघत मनातल्या मनात हो, हो, हो म्हणत होते. "उतरवीन सर," ती म्हणाली. "उपाशी ऱ्हायलं की उतरतंय, मी बघितलंय. पण मग तुमच्या संघात येईल ती बाई येगळी असंल. आज सहा मॅच जिंकल्या त्या ह्या बाईनं. घ्यायचं तर हिला घ्या."

"नियम म्हणजे नियम, बाई."

"मग नियमाला पाठवा टेबलावर. बघते किती पॉइंट करतोय ते."

आणि ती आपली पिशवी भरायला गेली.

मी त्या वेळी काय केलं? काही नाही. एवढं म्हणायला हवं होतं की सर, माझी जागा तिची आहे, मी पाचवी आहे, आणि माझीही पावती खोटी आहे. बावीस वर्षांची होते, राज्याच्या संघाचं निळं जर्किन डोळ्यांपुढं होतं. मी गप्प बसले.

लोक मला अजून विचारतात, तीन किलोंसाठी एवढा आडमुठेपणा? तुझ्या आक्काला जरा नमतं घ्यायला काय झालं होतं? मीही तिच्याशी यावरून वर्षानुवर्षं भांडले आहे. आडमुठी होती का? होती. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. पण मला उलटं विचारायचं आहे. तीन किलोंसाठी आडमुठं कोण होतं? एकीकडं सहा मॅच आणि दुसरीकडं एक कागद, आणि कागद जिंकला. त्याला शिस्त म्हणायचं आणि हिला हट्ट म्हणायचं, हा कुठला न्याय? सांगा ना!

परत आल्यावर सहा आठवडे तिनं मला घासलं. पहाटे हॉल उघडायचा, डावखुऱ्या खेळाडूंची सर्व्हिस कशी घ्यायची ते ती स्वतः डाव्या हातानं सर्व्हिस करून शिकवायची. तिच्या तोंडून एक कडवट शब्द आला नाही. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "आक्का, शिव्या तरी दे." तर म्हणाली, "खेळायच्या टायमाला बडबड करू नको." राष्ट्रीय स्पर्धेत मी दोन मॅच जिंकले, तीन हरले. आमचा संघ उपांत्यपूर्व फेरीत बाद झाला. आल्यावर तिनं मला प्रत्येक गेमचा आकडा विचारला आणि कुठं चुकलं ते टेबलापाशी उभं राहून दाखवलं.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. ती जिल्ह्यात खेळत राहिली, चाळिशीनंतर मुलींना शिकवायला लागली. बशीरभाई गेल्यावर हॉलची किल्ली तिच्याकडं आली. तिथं कुठल्या मुलीला कुणी वजन विचारलेलं तिला खपायचं नाही. एका मुलीच्या आईनं म्हटलं, हिला जरा बारीक करा हो, लग्नाचं बघायचंय. आक्का म्हणाली, "बाई, मी बॅकहँड शिकवते. ते दुसरं दुकान बघा." साठीत गुडघे दुखायला लागले, त्याला वजन कारण आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेही तिनं मान्य केलं. "गुडघ्याचं म्हणणं खरं हाय. पण तो आता बोलतोय. तवा त्याची कायबी तक्रार नव्हती."

शेवटी पोटाचा आजार झाला. मी भेटायला गेले तेव्हा दवाखान्यात तिला ओळखायला मला एक क्षण लागला. गालाची हाडं वर आलेली, बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. आजूबाजूचे नातेवाईक उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणत होते, "आक्का, बारीक झाल्यावर तोंड किती छान दिसायलंय तुमचं." औषधाचं प्रमाण ठरवायला नर्सनं तिला वजनाच्या मशीनवर उभं केलं. एकीकडून तिनं, दुसरीकडून मी धरलं होतं. आकडे लाल रंगात उमटले. एकोणचाळीस.

"काय लिवलं? दाव," आक्का म्हणाली. नर्सनं कागद तिच्यासमोर धरला. आक्कानं तो नीट वाचला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "निमे, पुण्याला कळव. साळुंकेबाई आता बसतात म्हणावं. सव्वीस किलो राखून बसतात. बॅट उचलत नाय, पण नियमात हायत."

नर्सला काहीच कळलं नाही, ती हसली. मला हुंदका आवरेना. आक्कानं माझं मनगट धरलं, आणि त्या काडीएवढ्या हातात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे.

"रडायलीस काय?" ती म्हणाली. "तवा बोलली नाहीस. आता तरी बोल."